वन्सं, दोडके अजून लागतायत

वन्सं, तुम्ही गेलात त्याला सव्वा महिना झाला आणि तुमचे दोडके काही थांबायला तयार नाहीत. काल अकरा निघाले, परवा नऊ. घरात माणसं दोन, मी आणि तुमचा भाऊ. अकरा दोडक्यांचं करायचं काय? भाजी झाली, शिरांची चटणी झाली, भजी झाली, डाळीत घालून झाले, सुका जवळा घालून झाले. काल हे जेवायला बसले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज पण?" मी म्हटलं, "तुमच्या ताईने लावलेत. तक्रार असेल तर तिकडे करा." बोलून गेले खरी, पण मग दोघांचेही घास हातातच राहिले. शेवटी त्यांनी वाटी पुढे केली आणि आणखी भाजी मागून घेतली.

चौतीस वर्षं एका घरात काढली आपण. तुम्ही थोरली नणंद, मी भावजय. भांडलो भरपूर, बोललो कमी. मी सकाळी आठच्या एस.टी.ने रत्नागिरीला कचेरीत जायची ती संध्याकाळी सातला परत, आणि तुम्ही दिवसभर परसात. घराची पुढची बाजू माझी आणि मागची तुमची, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं होतं. पुढे माझ्या कुंड्या, मागे तुमची भाजी. माझ्या कुंड्यांना तुम्ही 'शोभेची झाडं' म्हणायचात, आणि म्हणताना तोंड असं करायचात की मी जणू गळ्यात खोटे दागिने घालून फिरतेय. मीही काही कमी नव्हते. तुमच्या शेणखताचा वास आला की मुद्दाम उदबत्ती लावायची.

सुतकात परसात कोण जाणार? तेराव्यापर्यंत तिकडे कोणी फिरकलंच नाही. पाहुणे गेले, उसनी आणलेली भांडी घरोघर पोचवली, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं. उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. पाऊस गेलेला. आश्विनातलं ते सकाळचं कोवळं ऊन, जे दहा वाजले की अंग भाजून काढतं, पण आठ वाजता इतकं मवाळ असतं की गालाला लावावं. दगडी गडग्यापलीकडे भात पिवळं पडलेलं. आणि आपल्या परसाला, वन्सं, सुतक नव्हतं. दोडके हाताएवढे जाड होऊन लोंबत होते. भेंडी निबर झालेली. चवळीच्या शेंगा वेलावरच वाळून तडकत होत्या. लाल भोपळा न्हाणीघराच्या पत्र्यावर चढून आरामात पसरला होता, आणि झेंडू तर इतका फुललेला की लाज वाटावी. तेरा दिवस तुम्ही नव्हतात, कोणी हात लावला नव्हता, आणि सगळं आपापलं चालू होतं. मला राग आला, खरं सांगते. अरे, एवढं तिने तुमचं केलं, एक दिवस तरी माना टाका! आणि मग मी रडले. तोवर नीट रडायला वेळच झाला नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी बघत होते.

याच दारात जूनमध्ये आपलं वाजलं होतं, आठवतं? न आठवायला काय झालं तुम्हाला.

तुमच्या लाडक्या भाच्याचं, निखिलचं, म्हणणं होतं की परसात दोन खोल्या काढू. गणपतीपुळ्याला येणारे लोक हल्ली हॉटेलात राहण्यापेक्षा घरात राहायचं बघतात, घरचं जेवण मागतात. तो पुण्यात बसून फोनवर सगळं जमवून देणार होता. पण कल्पना त्याची असली तरी हट्ट माझा होता, हे आज कबूल करते. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. घरात बसून मला माझाच कंटाळा आलेला. कोणीतरी यावं, विचारपूस करावी, आपण चार माणसांना जेवायला वाढावं, आपलं असं काहीतरी असावं, असं फार वाटत होतं. तुमचं तुमच्याकडे होतं. माझं मात्र एस.टी.च्या पासाबरोबर संपलं होतं.

तुम्ही विचारलंत, "आणि भाजी?"

मी म्हटलं, "भाजी काय, बाजारात मिळते वन्सं."

तुम्ही आत गेलात, बियांचे डबे घेऊन आलात, आणि त्या आठवड्यात दरवर्षीच्या एका मांडवाच्या जागी दोन मांडव उभे केलेत. मी यांना म्हटलं, "बघा, मुद्दाम चाललंय." हे म्हणाले, "छे गं." पण मुद्दामच होतं ते. मला अजूनही पक्की खात्री आहे. म्हणून तर आज अकरा-अकरा दोडके निघतायत.

ठरलं असं की दिवाळी झाली की खोल्या बांधणारा माणूस येणार आणि चुन्याची फक्की टाकून आखणी करणार. म्हणजे दसरा झाल्यावर तुम्ही जे वाफे करायचात, मुळ्याचे, माठाचे, वांग्या-मिरच्यांचे, ते यंदा करायचेच नाहीत. ती वेळ गेली की वर्ष गेलं, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंय. आणि एकदा पाया खणला की वर्ष कसलं, परसच गेलं.

तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोसंबं सोलत बसले होते. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात विचारलंत, "मंगल, परसाचं काय ठरवलंस गो?"

"आधी बऱ्या होऊन घरी या. मग बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हणजे बघू."

तुम्ही "हं" म्हणालात आणि खिडकीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशीपासून तुमचं बोलणंच बंद झालं. त्या 'हं'नंतर तुमच्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकला नाही. एवढंसं खोटं बोलले असते तर माझं काय जाणार होतं? 'नाही बांधत हो खोल्या, तुम्ही शांत पडा', एवढंच. पण तुमच्याशी गोड खोटं बोलायची मला सवय नव्हती. भांडायची होती. वन्सं, ते मोसंबं मी तसंच सोललेलं घरी घेऊन आले, आणि दोन दिवसांनी टाकून दिलं.

तर चौदाव्या दिवसापासून मी रोज सकाळी परसात जायला लागले. माया वगैरे काही नाही, निव्वळ नाइलाज. भाजी तोडली नाही तर वेल बसतो, पुढे धरत नाही, एवढं तुमच्याकडून ऐकून ऐकून कानात बसलेलं. म्हटलं, दिवाळीपर्यंतचा प्रश्न आहे, तेवढं काढू. पहिल्या दिवशी यांची जुनी पँट घालून गेले. तुम्ही असतात तर हसून हसून आडव्या झाला असतात. भेंडी तोडून हातांना ही खाज! पडवळाच्या शेंड्याला तुम्ही बांधलेले दगड हलत होते. सरळ वाढावं म्हणून बांधतात हे मला ठाऊक, पण एवढा मोठा दगड? एक माझ्या कपाळावर बसला. टेंगूळ आलं. मी तुम्हाला दोन शब्द ऐकवले, तिथेच उभी राहून, मोठ्याने.

पण मग काय झालं माहीत आहे? मला सकाळी लवकर जाग यायला लागली. उठल्याबरोबर आधी चहा घ्यायची मी बाई, आता आधी मागचं दार उघडते. दवाने गवत भिजलेलं असतं, चप्पल ओली होते. मांडवावर कोळ्यांनी विणलेली जाळी उन्हात चमकत असतात, ती मोडू नयेत म्हणून मी वाकून जाते, आणि मग कंबर धरून बसते. कोवळं तवसं तोडायचं, पदराला पुसायचं, तिथेच मोडायचं. मीठ नाही, तिखट नाही, काही नाही. मी चौतीस वर्षं या घरात काकडीची कोशिंबीर खाल्ली, पण वेलावरून तोंडात काकडी कधी खाल्ली नव्हती हो. चावल्यावर तोंडात जे गार पाणी सुटतं त्याला काय म्हणायचं? मला तर शब्द सापडत नाही. मी एकटीच "अग्गो बाई" म्हणाले.

आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळा मांडव ऊन उतरल्यावर पिवळा होतो. नोकरीत असताना त्या वेळी मी एस.टी.त असायची, आणि निवृत्तीनंतर पुढच्या पडवीत टीव्हीसमोर. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसलेल्या असायचात. मला वाटायचं, बाई दमली. बाई दमली नव्हती, फुलं बघत होती. मला एकदा तरी हाक मारायचीत. मी आले नसते कदाचित. "आले, आले" म्हणून मालिका संपेपर्यंत बसले असते. पण हाक मारायला हवी होतीत.

कुंपणावर कारिटं धरलीयत, पोरांच्या गोट्यांएवढी. दिवाळीच्या पहाटे अंगठ्याखाली फोडायची म्हणून वाडीतली सगळी आपल्याकडेच मागायला येतात, कालच दोघी येऊन ठरवून गेल्या. करांदे वेलावर लटकलेत, थोडे दिवस जाऊ द्या, उकडून मीठ लावून खाऊ. अळू माजलंय. केळफूल आलंय. रोज काहीतरी नवीन निघतं आणि मी रोज यांना हाका मारते, "अहो, इकडे या, हे बघा काय!" हे येतात, बघतात, "हो हो" म्हणतात. परवा तर त्यांनी स्वतःहून एक भोपळा उतरवून दिला. तुमचा भाऊ! ज्याला चौतीस वर्षांत कढीपत्ता तोडून आण म्हटलं तर लिंबाची पानं घेऊन येत होता, तो.

कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही, हा तुमचा नियम. नवीन होते तेव्हा मी एका इवल्याशा तवशाकडे बोट केलं, आणि तुम्ही माझं बोट धरून वाकवलंत. "सरळ नको दाखवूस गो, कुजंल ते." मी हसले, "वन्सं, फळाला डोळे असतात का?" तुम्ही म्हणालात, "फळाला नसतात, तुझ्या बोटाला हायत." ते मी कचेरीत जाऊन सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं, तुमची नक्कल करून. आणि परवा व्हिडिओ कॉलवर निखिलला मांडव दाखवताना माझं बोट आपसूक वाकलं. तो पलीकडून म्हणाला, "आई, तू पण?" मी कॉल कट केला आणि नंतर सांगितलं की रेंज गेली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय ते सांगते.

पाटी भरली की तुम्ही वाडीत वाटायला निघायचात. मला ते कधी आवडलं नाही. कशाला दारोदार फिरायचं, ज्याला हवं तो येईल की, असं मी म्हणायची. आता अकरा दोडके घेऊन मीच फिरते. मागच्या सोमवारी गडग्यापलीकडे सुलोचनावहिनींकडे गेले. दोडके दिले, भेंडी दिली, वर एक मोठं पिवळंधमक तवसं दिलं. त्यांनी तवसं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि विचारलं, "कापायला देतेस की बियाला ठेवू?"

"कापा की. धोंडस करा."

त्या हसायलाच लागल्या. "अगो, पुन्हा कापायला काढलंस?"

"पुन्हा म्हणजे?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. पदर तोंडाशी गेला. मी म्हटलं, वहिनी, आता सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

वन्सं, माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. मांडवावर एकच भलंमोठं तवसं उरलं होतं, आणि त्याच्या देठाला तुमच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय. मी रत्नागिरी शहरात वाढलेली, मला काय कळतंय? कचेरीतल्या लोकांना नव्या सासरचं काहीतरी खिलवायचं होतं. तुम्ही नदीवर धुणं घेऊन गेला होतात. मी ते उतरवलं, चिंधीला हात पुसले, तवसं किसलं, आतला गर आणि बिया गोठ्यात गाईपुढे टाकल्या. तांदळाचा रवा भाजला, गूळ घातला, खोबरं घातलं, आणि वर-खाली निखारे ठेवून आयुष्यातलं पहिलं धोंडस भाजलं. तुम्ही आलात. चुलीकडे बघितलंत, गोठ्याकडे बघितलंत. मी बशी पुढे केली. तुम्ही खाल्लंत आणि म्हणालात, "गूळ कमी पडला."

बस्स. एवढंच. हे वाक्य मी चौतीस वर्षं सांभाळलं. माहेरी सांगितलं, कचेरीत सांगितलं. नणंद कशी असते असा विषय निघाला की माझं हे ठरलेलं. अहो, तुमच्या तेराव्याला सुद्धा तुमच्या मामेबहिणीला सांगितलं, "गोड बोलायचा मेला स्वभावच नव्हता वन्संचा."

सुलोचनावहिनी म्हणाल्या, ते तवसं बियाला ठेवलेलं होतं. त्या साली पाऊस लांबला, बाकीची सगळी वेलावरच कुजली होती. ते एकच राहिलं. बी तुमच्या आईच्या हातचं, घरात दुसरं नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन कचेरीत गेले, सगळ्यांकडून वाहवा घेतली, आणि तुम्ही मालगुंडाला निघालात. गाडी चुकली म्हणून चालत. तिथे कोणा मैत्रिणीला तुम्ही मागे बी दिलं होतं. तिच्याकडे उरलं नव्हतं, पण तिने पुढे दिलेलं, म्हणून तुम्ही त्या घरी गेलात. तिथेही नाही. तिसऱ्या घरी चुलीवरच्या गाठोड्यात राख लावून ठेवलेल्या थोड्या बिया मिळाल्या. संध्याकाळी परत आलात तेव्हा पायाला फोड आले होते. घरी येण्याआधी वहिनींच्या पायरीवर बसलात, पाणी मागितलंत, आणि म्हणालात, "मंगलला यातलं काय बोलू नकोस हां. नवीन हाय ती. हौशीनं केलंन बिचारीनं."

मला मात्र एक विचारायचंच होतं. "धोंडसाचं काही म्हणाल्या?"

"म्हणाली ना. तीन फोडी खाल्लीन म्हणाली. चांगलं झालंय म्हणाली." वहिनींनी तवसं खाली ठेवलं. "गूळ तेवढा कमी पडला, म्हणाली."

वन्सं, मी त्यांच्या पायरीवर बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि वहिनी घाबरून पाणी आणायला धावल्या. गूळ खरंच कमी पडला होता हो! चौतीस वर्षं मी तुम्हाला खवचट म्हणत आले, आणि तुम्ही बापड्या फक्त गुळाबद्दल बोलत होतात.

घरी येऊन यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"ताईने शपथ घातली होती."

म्हणजे सगळ्या वाडीला माहीत, एक मी सोडून! मी यांच्यावर चिडले, पण चिडणं काही टिकेना. राहून राहून एकच गोष्ट मनात येत होती. आपण किती भांडलो. पाण्यावरून, शेणखतावरून, निखिलच्या लाडांवरून, टीव्हीच्या आवाजावरून. मी तुम्हाला काय काय बोलले. तुमच्या हातात एवढं मोठं हत्यार होतं आणि ते तुम्ही एकदाही बाहेर काढलं नाहीत. जूनमध्ये मी 'भाजी बाजारात मिळते' म्हटलं तेव्हाही नाही. दवाखान्यात 'बघू म्हणजे बघू' म्हटलं तेव्हाही नाही, तुम्ही फक्त 'हं' म्हणालात. माझ्याच्याने हे झालं नसतं. मी तर दुसऱ्या दिवशीच बोलून दाखवलं असतं, आणि पुढे दर दिवाळीला.

उपकार म्हणावेत तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही म्हणाल, "चल, काय तरीच." पण मला म्हणायचंच आहे. मी कचेरीतून दमून यायची तेव्हा भाजी चिरलेली असायची. निखिलला पहिला घास तुमच्या परसातल्या भोपळ्याचा. बाजारातून पिशवी भरून भाजी मी या घरात कधी आणलीच नाही, मला ती निवडून घेतासुद्धा येत नाही. परवा रत्नागिरीला टोमॅटो घ्यायला गेले तर बाईने मला सगळे मऊ टोमॅटो दिले आणि मी घेऊन आले. चौतीस वर्षं तुम्ही मला पोसलंत वन्सं, आणि मी समजत होते घर माझ्या पगारावर चाललंय.

त्याच दिवशी निखिलला फोन केला. म्हटलं, परसात खोल्या नाहीत.

"आई, तूच मागे लागली होतीस!"

"लागले होते. आता नाही लागत."

"मग काय, सगळंच रद्द?"

"रद्द कशाला? खोल्या पुढच्या बाजूला होतील. आमची खोली द्यायची पाहुण्यांना, तिला न्हाणीघर आहेच. पडवी बंद करून दुसरी."

त्याला ठाऊक आहे ती खोली म्हणजे काय ते. माझ्या पगारातून बांधलेली, मी लाद्या स्वतः निवडलेल्या, समुद्राचा वारा येणारी खिडकी. त्या खिडकीवरून तुमचं-माझं किती वाजलं होतं. तो म्हणाला, "आणि तुम्ही दोघं?" मी म्हटलं, "आत्येच्या खोलीत." तुमची खोली लहान, अंधारी, पंखा खडखड करतो. पण तिचं दार परसात उघडतं. हे म्हणाले, "तुला जमेल?" मी म्हटलं, "तुम्ही घोरायचं कमी केलंत तर जमेल."

हे सगळं मी तुमच्यासाठी केलं अशा भ्रमात राहू नका हां. अर्धं तुमच्यासाठी. अर्धं माझ्यासाठी. मला पाहुणेही हवेत आणि परसही हवं. येतील त्यांना सकाळी मागच्या दाराने नेईन, वेलावरचं तवसं हातात देईन आणि सांगेन, इथेच उभं राहून खा. दोडके तर खावेच लागतील त्यांना. सुटका नाही.

बियाला यंदा तीन तवशी ठेवलीयत. एकाच्या भरवशावर मी राहणार नाही.

खोल्या बांधणाऱ्या माणसाला कळवलं, पुढच्या बाजूची आखणी करायला ये म्हणून. आणि मग तुमचे बियांचे डबे काढले. वन्सं, डब्यांवर नावं लिहायची असतात! सगळे डबे सारखे, आत सगळीकडे राख, आणि राखेत बारीक बारीक काळं-तपकिरी काहीतरी. मुळा कुठला, माठ कुठला, मला काय स्वप्न पडतंय? यांना विचारलं तर त्यांनी एक डबा हुंगला आणि म्हणाले, "कोथिंबीर असेल." तुमच्या डोक्यात सगळं होतं, आणि डोकं घेऊन तुम्ही निघून गेलात. वांग्याचं बी सुलोचनावहिनींनी ओळखून दिलं. बाकी अंदाजाने.

आज सकाळी वाफे केले. चार. कुदळ माझ्या हातात बसेना, दोन फोड आले. एक वाफा रुंद झाला, एक अरुंद, आणि चौथा कुठे चाललाय हे त्यालाच ठाऊक. शेणखत घातलं, उदबत्ती न लावता. बी टाकलं, वरून हाताने माती सारली. आणि मग सगळं झाल्यावर मी कुदळीच्या दांड्यावर टेकून तिथेच उभी राहिले. कशासाठी ते मलाही आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, मी मागच्या दाराकडे बघत होते. तुम्ही येणार, पायरीवर थांबणार, वाफ्यांवरून नजर फिरवणार आणि म्हणणार, "हे काय गो, वाफे केलेस की डुकरानं उकरलंन?" आणि मी सडेतोड उत्तर देणार. उत्तर तयारच होतं माझं.

ऊन चढलं तरी कोणी आलं नाही. मग मीच पाणी घातलं.